फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रावर पक्षी-प्राणी बघायला जाताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या लोकांचा समुद्राचा प्लॅन ठरलेला असतोय. रविवारी आरामात निघायचं, आंबोलीत चहा-भजी, वेंगुर्ल्याला पोचून माशाचं जेवण हाणायचं, ऊन कललं की बीच, सूर्यास्ताचे फोटो, आणि रात्री घाट चढून परत. फिरायला झकास आहे, पण माघ-फाल्गुनात किनाऱ्यावर काय काय जिवंत असतंय ते बघायचं असेल तर हे टाइमटेबल मुळातच चुकलंय. मग "काय नाही की तिथं, चार कावळे आणि दोन कुत्री" असं म्हणत लोक परत येतात, आणि त्याच वाळूवर सकाळी चिखल्या नावाच्या छोट्या पक्ष्यांचे थवेच्या थवे पळत असतात.

संध्याकाळी जाणं

साधी गोष्ट आहे, आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य समोर येतोय आणि पाण्याच्या कडेचा प्रत्येक पक्षी काळा ठिपका दिसतोय, तुमची दुर्बीण कितीही भारी असू दे. सकाळी ऊन पाठीमागून पडतंय, पायांचा रंग, चोचीचं टोक, छातीवरचा डाग सगळं स्वच्छ. बेळगावहून वेंगुर्ला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट, म्हणजे सकाळी सातला वाळूवर उभं राहायचं असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जाणंच बरं. पहाटे तीनला उठून घाटात डुलक्या घेत गाडी मारू नका.

भरती-ओहोटी न बघता तारीख ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ही टाळायला ॲपसुद्धा लागत नाही, घरातलं कॅलेंडर पुरतंय. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. भरती रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढं सरकते म्हणून हा हिशोब जमतोय. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी भरलेलं आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला, मार्चच्या उन्हात. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सव्वापाचला, अंधारात. आणि तृतीयेला? तिनाचे पाऊणपट सव्वादोन, ओहोटी सकाळी सव्वाआठला! पौर्णिमा-अमावास्येनंतर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस म्हणूनच धरायचे, उधाणाचा जोर अजून असतोय, पाणी लांबवर मागं जातंय, आणि ऊन पण चांगलं मिळतंय. (संकष्टी करणाऱ्यांचे मासे हुकणार, ते तुमचं तुम्ही बघा.) हा अंदाज झाला, नक्की वेळ टाइड टेबलमध्ये बघून घ्या, कारण दिवसातल्या दोन्ही ओहोट्या सारख्या खोल नसतात.

तरीपण भरतीतच पोचलात तर? लगेच परत फिरू नका. खायची जागा पाण्याखाली गेली की पक्षी वरच्या कोरड्या वाळूवर, खडकावर नाहीतर खाडीच्या तोंडाला गोळा होऊन बसतात, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. लांबून बघितलं तर दगड-गोटे वाटतात, दुर्बिणीतनं बघितलं की त्या गोट्यांना चोची दिसतात.

थवा उडवून फोटो काढणं

पोरगं थव्यात पळत जातंय, सगळे भुर्रकन उडतात, स्लो मोशन व्हिडिओ मस्त येतोय, मान्य. पण हे पक्षी इथले नाहीत. किनाऱ्यावरचे छोटे चिखल्या उन्हाळ्यात तिबेट-मध्य आशियाकडं वीण घालायला जातात, आणि आत्ता जायच्या आधी अंगावर चरबी चढवायलेत. ओहोटीचे तीन-चार तास हाच त्यांचा जेवणाचा टाइम, त्यात दहा वेळा उडवलं की खाणं राहिलं आणि ताकद पण गेली. त्यापेक्षा पळायची दिशा बघा, पुढं जाऊन खाली बसा, हलू नका. तेच खात-खात तुमच्याकडं येतात.

"सगळे एकसारखेच दिसतात हो"

रंगावरून ओळखायला गेलं की हे होणारच, त्यातून मार्चमध्ये सगळे अर्धवट कपडे बदललेले असतात. कुरव (सीगल) बघा, थंडीत डोकं पांढरं आणि डोळ्यामागं फक्त एक काळपट ठिपका, आणि आता काहींचं डोकं चॉकलेटी होत आलेलं, काहींचं नुसतं मळल्यासारखं. चिखल्यांच्या छातीवर पण विटकरी छटा यायला लागलेली असते, पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी धड जुळत नाही. म्हणून चाल बघा. चिखल्या पळतोय, थांबतोय, एक टोच मारतोय, परत पळतोय. तुतारी नावाचा छोटा पक्षी सतत शेपटी खालीवर करत असतोय. लांब चोचीवाले चिखलात चोच खुपसत चालत राहतात. दुर्बीण ८×४२ भरपूर झाली, वीसपटवाली घेतली तर हात थरथरून काही दिसायचं नाही.

पायाखाली न बघणं

ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारीक-बारीक वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतात ना, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या, एका भोकापासून किरणांसारख्या निघालेल्या. लोक रांगोळी म्हणून फोटो काढतात आणि पुढं जातात. पाच मिनिटं गप्प उभं राहा, भोकातनं नखाएवढी कुर्ली (खेकडा) बाहेर येते, वाळू तोंडात घेते, त्यातलं खाण्यासारखं चाळून काढते आणि उरलेली गोळी करून मागं टाकते. तुमची सावली पडली की गायब. पुढची भरती सगळं पुसते, मग परत पहिल्यापासून.

याच वाळूवर आपल्या बेळगावच्या केए-२२ पासिंगच्या गाड्या घालतात त्याची मला खरंच चीड येते. वरच्या भागात मोठ्या कुर्ल्यांची बिळं असतात, आणि कासवांची घरटी पण.

कासवाची पिल्लं बघायला टॉर्च घेऊन जाणं

ऑलिव्ह रिडले मादी थंडीत अंडी घालते, पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्च हा बरोबर सीझन. वेंगुर्ल्याजवळ वायंगणी, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं अंड्यांची राखण होते. पिल्लू उजेडाकडं जातंय, समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतोय म्हणून ते बरोबर पाण्यात पोचतंय, आणि तुमचा मोबाईल फ्लॅश त्याला उलट्या दिशेनं नेतोय. उचलून पाण्यात सोडायचं पुण्य पण नको. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हात लावणं हा गुन्हा. आधी तिथल्या लोकांना फोन करून विचारा, आज पिल्लं निघतील अशी गॅरंटी कोणी देणार नाही.

अजून एक, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायलेत तिथं नक्की थांबा, घारी, कुरव, बगळे सगळे जमतात, पण जाळ्यातनं वाळूवर टाकलेल्या 'सापासारख्या माशा'ला काठीनं पण डिवचू नका. शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसाप, जहाल विषारी.

सुरूच्या बनात वर मान करून बघायचं राहून जातंय, समुद्र गरुड, ज्याला तिकडं काकण म्हणतात, तो तिथंच शेंड्यावर बसलेला असतोय. आणि खडकावर जाणार असाल तर अनवाणी नको, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात, मागं पट्टा असलेली सँडल घाला आणि लाटेकडं पाठ करून सेल्फी काढत बसू नका.