धानाच्या बांधीत सारस टिपताना

गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांमध्ये सारस टिपण्यासाठी महागड्या लेन्सची वाट पाहू नये. ७०-३०० मिलिमीटरची साधी झूम लेन्सही पुरते, कारण हा पक्षी जवळजवळ माणसाच्या उंचीचा असतो. घरट्याच्या दिशेने मात्र जाऊच नये. चिखलात ट्रायपॉड रुततो, म्हणून धुऱ्यावर बसून गुडघ्यांवर कोपरे टेकवणे मला अधिक सोयीचे वाटते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा आणि उजळ आकाशामुळे पक्षी काळपट दिसू लागल्यास एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) एका स्टॉपपर्यंत, म्हणजे दुपटीपर्यंत, वाढवावे. हिवाळ्यातील धुक्यात ऑटोफोकस अडखळतो; तेव्हा लाल मानेवर एकच फोकस बिंदू ठेवावा. बांधीत उतरण्यापूर्वी शेतमालकाची परवानगी घ्यावी, सारस सकाळी कुठे चरतात हेही त्यालाच विचारावे.