काली तळं कसं पाहावं: आधी दगड, मग दंतकथा

एस्टोनियाच्या सारेमा बेटावर, कुरेसारे शहरापासून साधारण 18 किलोमीटरवर, काली हे अशनीपातातून झालेलं तळं आहे. लोणार पाहिलेल्यांची इथे आकारावरून निराशा होते. लोणारचं विवर जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंद, तर कालीचं मुख्य विवर अवघं 110 मीटर. एक फोटो काढून लोक परततात आणि खरं पाहण्यासारखं तसंच राहतं.

मुख्य भूमीवरच्या विर्त्सू बंदरातून फेरीबोटीने मुहू बेटावर कुइवास्तूला उतरा. पुढे भराव घालून केलेल्या रस्त्याने सारेमा गाठता येतं. तळ्याला पाणी पावसाचं आणि भूजलाचं, म्हणून पातळी सतत बदलते. खोली 1 ते 6 मीटर. भरलेलं तळं हवं असेल तर बर्फ वितळल्यावर, एप्रिलच्या सुमारास जा. कोरड्या उन्हाळ्यात पाणी आक्रसतं आणि दाट पानांमुळे विवराची कडही नीट दिसत नाही. पानगळीनंतरचा नोव्हेंबर आम्हाला सर्वांत चांगला वाटतो.

पोचल्यावर लगेच पाण्याकडे उतरू नका. आधी कडेवरून पूर्ण फेरी मारा. ती साडेतीनशे मीटरच्या आसपास भरते. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कड 4 ते 7 मीटर उंच आहे, हे बाहेरच्या बाजूने पाहिलं तरच कळतं. मग आत उतरून डोलोमाइटच्या, म्हणजे चुनखडीसारख्या दगडाच्या, फरशा शोधा. या भागात हे थर मुळात आडवे असतात. इथे मात्र त्यांची विवराकडची कड वर उचकटलेली आहे आणि उतार बाहेरच्या दिशेला आहे. जमीन खचून खड्डा पडला असता, तर थर आतल्या बाजूला झुकले असते. एकाच ठिकाणी पाहून निष्कर्ष काढू नका, कारण एखादी फरशी नुसती घसरलेलीही असू शकते. तीन-चार बाजूंना तपासा.

तळ्याबद्दल पूर्वी ज्वालामुखीपासून भूमिगत पोकळी खचण्यापर्यंत अनेक तर्क होते. खाण अभियंता इव्हान राइनवाल्ड यांना 1937 मध्ये लहान विवरांत निकेलयुक्त लोखंडाचे, म्हणजे अशनीचेच, तुकडे मिळाले आणि वाद मिटला. ही आठ लहान विवरं किलोमीटरभराच्या आत, शेतांत आणि झाडीत विखुरलेली आहेत. शेतकऱ्यांनी काहींमध्ये शेतातले दगड टाकल्यामुळे ती ओळखायला अवघड जातात. म्हणून आधी तिथल्या संग्रहालयात नकाशा पाहून घ्या. दगड उचलू नका, मेटल डिटेक्टर नेऊ नका. जागा संरक्षित आहे.

आता दंतकथा. तेराव्या शतकातल्या ‘लिव्होनियाचा हेन्री’ या इतिवृत्तकाराच्या इतिवृत्तात थारापिता हा देव एस्टोनियाच्या मुख्य भूमीवरच्या विरूमा प्रदेशातल्या डोंगरावर जन्मून सारेमाला उडून गेला, असं येतं. ही आठवण अशनीची असावी, हा विचार मात्र आधुनिक. पुढे एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लेनार्ट मेरी यांनी तो 1976 मध्ये लोकप्रिय केला. इतिवृत्तात तळ्याचं नाव नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच समजून सांगू नयेत. लोणारलाही विष्णूने लोणासुराला मारल्याची कथा आहे; तिचाही आघाताच्या काळाशी संबंध जोडता येत नाही.

इथल्या माणसांच्या वावराचा जमिनीतला पुरावा मात्र ठोस आहे. उत्खननात विवराभोवती दगडी भिंतीचे अवशेष आणि जनावरांची हाडं सापडली आहेत. आघाताच्या वयावर अजून मतभेद आहेत. आघाताने उडालेल्या मातीच्या थरातल्या कोळशाच्या 2016 मधल्या कालमापनानुसार तो इ.स.पू. 1530 ते 1450 दरम्यान झाला. पण पीटमधल्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातल्या) आघातात तयार झालेल्या सूक्ष्म गोलकांवरून काढलेलं वय याहून बरंच जुनं येतं. फलकावर एकच आकडा दिसला, तर तो कोणत्या पद्धतीने काढला आहे ते विचारा.