शिका आणि कमवा म्हणणारी फॉरेनची युनिव्हर्सिटी खरी की खोटी, नागपुरात बसून कसं तपासायचं

धरमपेठेत नाही तर रामदासपेठेत एक चक्कर मारा, फॉरेन एज्युकेशनच्या ऑफिसांची काही कमी नाही, आणि बऱ्याच ठिकाणी आता 'शिका आणि कमवा, डे वन पासून' हाच मेन माल आहे. आईबाबांना ऐकूनच बरं वाटते, काहून की लोनचा आकडा पाहून आधीच झोप उडालेली असते आणि त्यात कोणी म्हटलं की पोरगा पोचल्याबरोबर कमवायला लागेल तर कोण नाही म्हणणार. असे प्रोग्राम सगळेच खोटे असतात असं नाही हं. बोस्टनची नॉर्थईस्टर्न, फिलाडेल्फियाची ड्रेक्सेल, कॅनडातली वॉटर्लू, यांचे को-ऑप, म्हणजे शिकता शिकता मधात कंपनीत पगारी काम करायचे प्रोग्राम, कित्येक वर्षांपासून नावाजलेले आहेत. पण तिथं शिकणं आधी आणि काम त्याच्या मागून येते, खोट्या जागी नेमकं उलटं. म्हणून जॉब काय मिळेल हे विचारायच्या आधी क्लास कुठं भरते, कोण घेते, आठवड्यातून किती दिवस, हे विचारायचं.

अमेरिकेपासून सुरू करतो, सगळ्यात जास्त घोळ तिथलाच. युनिव्हर्सिटीच्या साईटवर 'फेडरल वर्क-स्टडी' दिसलं की लोक खुश होतात, पण ती अमेरिकन सरकारची मदत आहे, तिथले नागरिक, ग्रीन कार्डवाले अशांसाठी. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर गेलेल्याला ती मिळतच नाही. कोणी ती मिळवून देतो म्हणत असेल तर चहा प्या आणि निघून या. आपल्याला काय मिळते, तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, लायब्ररी, कॅन्टीन, जे मिळेल ते. मग सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेलं बाहेरचं काम, ते साधारण एक अख्खं शैक्षणिक वर्ष झाल्यावर. आणि ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयातच काम करायची परवानगी, १२ महिने, जी बहुतेक जण डिग्रीनंतर घेतात, स्टेम विषय (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) असेल तर वरून आणखी २४ महिने.

'डे वन सीपीटी' म्हणून जे विकलं जाते ते एका अपवादावर उभं आहे. मास्टर्स किंवा त्याच्या वरच्या कोर्सला सुरुवातीपासूनच काम कंपल्सरी असेल तर वर्षभर थांबावं लागत नाही. नियम खरा आहे, म्हणून एजंट छातीठोकपणे दाखवते. पण कोर्स खरंच तसा आहे की नुसतं काम करू द्यायला बनवलाय, हे इमिग्रेशनवाले दोन-चार वर्षांनी विचारू शकतात, आणि तेव्हा उत्तर पोरालाच द्यावं लागते. शिवाय फुल-टाइम सीपीटीचे १२ महिने भरले की त्या लेव्हलची ओपीटी गेली. हे सेमिनारमध्ये सांगतात का ते पाहा एकदा.

आता फार्मिंग्टनचं प्रकरण, ते माहीत असलंच पाहिजे. मिशिगनमधली युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन, वेबसाईट झकास, लोगो, ऑफिस, फी, सगळं होतं. जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आलं की ती अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानंच जाळं म्हणून चालवलेली होती. ना मास्तर, ना क्लास. सुमारे ६०० विद्यार्थी, त्यातले बहुतेक भारतीय, आणि बरेच जण आधी खऱ्या कॉलेजात रीतसर व्हिसा घेऊन गेलेले, नंतर काम करता यावं म्हणून इथं ट्रान्सफर झालेले. पोरं भरती करणाऱ्या ८ जणांवर गुन्हा दाखल झाला, पण विद्यार्थ्यांचीही धरपकड झालीच, सरकारचं म्हणणं की क्लास नाहीत हे तुम्हाला दिसत होतं नं. आणि खरी मेख पुढं आहे: ही युनिव्हर्सिटी सरकारमान्य शाळांच्या यादीत होती, अ‍ॅक्रेडिटेशनवाल्या संस्थेच्या, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्याच्या, यादीतही होती! त्याच्या आधी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर धाड पडली, ती सरकारी जाळं नव्हती, सरळ धंदा होता, मालकिणीला २०१४ मध्ये १६ वर्षांची शिक्षा झाली, पण त्याच्या आधी आपल्याच काही पोरांच्या पायात जीपीएसचे पट्टे बांधले गेले होते.

तर यादी पाहायचीच, फक्त तिथं थांबायचं नाही. 'स्टडी इन द स्टेट्स' या सरकारी साईटवर स्कूल सर्च आहे, त्यात नाव आणि कॅम्पसचा पत्ता दोन्ही जुळवा. मग अ‍ॅक्रेडिटेशन कोणाचं ते अमेरिकन शिक्षण खात्याच्या डेटाबेसमध्ये पाहा, काहून की अ‍ॅक्रेडिटेशन देणारी संस्थाच बाद होऊ शकते, एसीआयसीएस नावाच्या अशाच एका संस्थेची मान्यता २०२२ मध्ये गेली तशी. मग टाइमटेबल मागा. एफ-१ वर एका सेमिस्टरला साधारण एकच ऑनलाइन क्लास हिशोबात धरतात, म्हणून 'महिन्यातून एक वीकेंड हजेरी, बाकी लॅपटॉपवर' असं कोणी आमिष म्हणून सांगत असेल तर सावध व्हा.

त्यानंतर युनिव्हर्सिटीतल्या डीएसओला, म्हणजे तिथल्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसच्या अधिकाऱ्याला, स्वतःच्या मेलवरून लिहायचं, एजंटला मधात घ्यायचं नाही. विचारा की सीपीटी कोणत्या कोर्सला जोडलेलं आहे, त्याचे क्रेडिट किती, सगळ्या विद्यार्थ्यांना कंपल्सरी की मागेल त्याला, आणि जॉब नाही मिळाला तर डिग्री कशी पूर्ण होते. शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, खऱ्या प्रोग्रामकडं त्याचं लिहिलेलं उत्तर असते. फोनच करायचा असेल तर आपल्या रात्री साडेआठनंतर करा, ईस्ट कोस्टला तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजतात, आणि फोन कोण उचलते, डिपार्टमेंटला जोडून देते का, यावरूनही बरंच कळते.

आय-२०, म्हणजे युनिव्हर्सिटी व्हिसासाठी देते तो फॉर्म, हातात आला की नीट वाचा, घरातल्या इंग्रजी वाचणाऱ्या कोणालाही बसवा सोबत. पहिल्या पानावर युनिव्हर्सिटीचं नाव, कोर्सच्या सुरुवातीची नि शेवटची तारीख, एका वर्षाचा खर्च आणि तो कुठून भरणार ते असते. दुसऱ्या पानावर कामाची परवानगी येते, सीपीटी मिळालं की कंपनीचं नाव आणि तारखा तिथंच छापून येतात. त्या तारखेच्या एक दिवस आधीही कामाला जायचं नाही, मॅनेजर कितीही चांगला असो.

कॅनडाचं थोडक्यात. कॉलेज डीएलआय यादीत, म्हणजे बाहेरदेशचे विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या कॉलेजांच्या सरकारी यादीत, आहे का ते पाहा, पण डीएलआय असलं म्हणजे डिग्रीनंतरचं वर्क परमिट मिळेलच असं नाही, तो कोर्स त्याला पात्र आहे का ते वेगळं तपासायचं. को-ऑपचा भाग कोर्सच्या अर्ध्यापेक्षा जास्त नको. बाकी क्लास चालू असताना कॅम्पसबाहेरच्या कामाची मर्यादा २०२४ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला २४ तास आहे. २०२३ मध्ये पंजाबातल्या कितीतरी पोरांना कळलं की एजंटनं दिलेलं अ‍ॅडमिशन लेटरच बनावट होतं, तेव्हापासून तिथलं इमिग्रेशन खातं प्रत्येक लेटर थेट कॉलेजकडून पडताळून घेते.

जर्मनीत 'ड्युअल स्टुडियम' असते, अर्धं कंपनीत अर्धं कॉलेजात, पगारासकट. मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक मॉडेल, पण कंपनीसोबत कॉन्ट्रॅक्ट आधी लागते आणि बहुतेक सगळं जर्मनमध्ये चालते, म्हणून 'जर्मन न शिकता ड्युअल' म्हणणाऱ्याला कंपनीचं नाव विचारा. कॉलेज 'होखशूलकोम्पास' (Hochschulkompass) या जर्मनीतल्या मान्यताप्राप्त कॉलेजांच्या डेटाबेसमध्ये शोधा.

आणि पैसे. ट्यूशन फी युनिव्हर्सिटीच्याच खात्यात, आपल्या बँकेतून, एजंटच्या सेव्हिंग खात्यात किंवा जीपेवर एक रुपया नाही. बऱ्याच एजंटांना कॉलेजकडूनही कमिशन मिळते, त्यात पाप काही नाही, पण किती कॉलेजांशी टाय-अप आहे ते सरळ विचारा भाऊ, दोनच नावं पुढं करत असेल तर कारण कळेल. व्हिसा रिजेक्ट झाला तर किती रिफंड, किती दिवसांत, हे युनिव्हर्सिटीच्या मेलवर लेखी घ्या. पोरगा तिथं गेल्यावर प्रत्येक सेमिस्टरचा सिलॅबस, हजेरी, असाइनमेंट, जुने आय-२० सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायला लावा, पुढं एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या वेळी खरंच शिकत होता का याचे पुरावे मागितले तर तेच द्यावे लागतात.