मुलांना संग्रहालयात नेताना

अख्खं संग्रहालय एका दिवसात संपवायचं, हा हट्ट मोठ्यांचा असतो. लहान मुलं तासाभरात कंटाळतात. म्हणून एकच दालन निवडा आणि दार उघडायच्या वेळीच पोहोचा, तेव्हा गर्दी कमी असते. मुलाच्या हातात वही-पेन्सिल द्या (शाईचं पेन बऱ्याच ठिकाणी चालत नाही) आणि त्याला आवडलेल्या एकाच वस्तूचं चित्र काढू द्या. चित्र काढताना मूल त्या वस्तूकडे जेवढं निरखून बघतं, तेवढं आपण माहितीची पाटी वाचून दाखवली तरी बघत नाही. चित्र कसंही येवो, सुधारायला जाऊ नका. आणि हो, आत शिरण्यापूर्वी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. चुकामूक झालीच तर रखवालदाराला लगेच दाखवता येतो.