बोरची मोटर वायफायवर घेताना

वायफाय रिले, म्हणजे फोनवरून चालू-बंद होणारं स्विचचं मॉड्यूल. त्याच्या डब्यावर '१० अँपिअर' छापलेलं असतं. एक एचपीची सिंगल फेज मोटर सहा ते आठ अँपिअर घेते, म्हणजे भागलं, असा हिशेब बहुतेक जण करतात आणि मोटरची वायर थेट रिलेला जोडतात. पण ते १० अँपिअर बल्ब किंवा गीझरसारख्या लोडसाठी असतात. मोटर सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट अँपिअर ओढते आणि त्या ठिणगीत रिलेची टोकं एकमेकांना चिकटतात. मग फोनवर 'बंद' दिसतं आणि मोटर मात्र चालूच असते. बोर आटली तरी चालू, रात्रभर चालू.

म्हणून पहिला नियम: रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (कॉइलने ओढला जाणारा, दणकट टोकांचा स्विच) कॉइल ओढायची, मोटर ओढायचं काम कॉन्टॅक्टरचं.

एक एचपीसाठी लागणारं सामान असं: एसी-३ (मोटरसाठीच्या) रेटिंगचा ९ अँपिअरचा तीन पोलचा कॉन्टॅक्टर, कॉइल २३० व्होल्टची, मोटरच्या पाटीवरचे अँपिअर ज्याच्या रेंजमध्ये बसतात तो ओव्हरलोड रिले (मोटर जास्त अँपिअर ओढू लागली की ट्रिप होणारा), १६ अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी, कंट्रोलसाठी वेगळा २ अँपिअरचा एमसीबी, मोटरसाठी २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, कंट्रोलसाठी १ चौरस मिमी. शिवाय टाकीतला फ्लोट स्विच (टाकी भरली की तुटणारा) आणि कॉइलचा झटका शोषणारा एक आरसी स्नबर (०.१ मायक्रोफॅरड, १०० ओहम). स्नबर किरकोळ किमतीचा असतो, म्हणून वायरमन तो सोडून देतो. पण कॉइल सुटताना जो झटका बसतो त्याने वायफाय मॉड्यूल रीस्टार्ट होतं किंवा अडकून बसतं. 'मोटर बंद केली की स्विच ऑफलाईन जातो' ही तक्रार बहुधा याचीच. स्नबर कॉइलच्या ए-१ आणि ए-२ या दोन टोकांवर जोडायचा.

जोडणी सरळ आहे. कंट्रोल एमसीबीतून फेज रिलेला, रिलेच्या आउटपुटमधून फ्लोट स्विचला, तिथून ओव्हरलोडच्या एरवी जुळलेल्या कॉन्टॅक्टमधून (९५-९६) ए-१ ला, ए-२ न्यूट्रलला. फ्लोट याच वायरीत असला पाहिजे. टाकी भरली की नेट असो नसो, फोन चार्ज असो नसो, कॉइल सुटते. सिंगल फेज मोटरला ओव्हरलोड लावताना अँपिअर तिन्ही पोलमधून एकामागून एक फिरवून न्या. एकच पोल वापरला तर फेज तुटल्याचं समजून तो विनाकारण ट्रिप होऊ शकतो.

सबमर्सिबलचं पॅनेल आधी उघडून बघा. हिरवं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागत असेल, तर तेवढ्या वेळापुरता त्यात स्टार्ट कपॅसिटर लागतो. अशा पॅनेलला नुसता करंट दिला तर मोटर हुंकारत राहते, फिरत नाही आणि तापते. तिथे स्टार्ट कपॅसिटर आपोआप सोडणारं पॅनेल आधी बसवा, वायफाय नंतर.

उसाच्या रानातल्या थ्री फेज मोटरचं गणित वेगळं. तिथे डीओएल स्टार्टर (हिरव्या-लाल बटणांचा, मोटर थेट लाईनवर घेणारा) असतो. त्याला ड्राय कॉन्टॅक्टचं (स्वतःचा फेज बाहेर न देता फक्त दोन वायरी जोडणारं-तोडणारं) दोन चॅनेलचं मॉड्यूल लावतात: एक चॅनेल हिरव्या बटणाला समांतर, दोन सेकंदांचा पल्स देणारं, दुसरं लाल बटणाच्या वायरीत, एरवी जुळलेलं आणि हुकूम दिल्यावर तुटणारं. करंट गेला की स्टार्टर स्वतः सुटतो, हा यातला मोठा फायदा. पण कॉइलवरचा आकडा वाचल्याशिवाय हात लावू नका. बऱ्याच स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची, दोन फेजवर चालणारी असते, आणि वायफाय रिले २५० व्होल्टच्या पुढे नेण्यासाठी नसतो. कॉइल २३० ची बदलता येते, मात्र मग ती एकाच फेजवर ओढते. थ्री फेजची पाळी संपून बांधावर सिंगल फेज उरली असताना कोणी फोनवरून 'चालू' दाबलं तर मोटर जळते. म्हणून २३० ची कॉइल घातली की सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज नसेल तर मोटर सुरू न होऊ देणारा) आलाच. हे काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि मीटरच्या अलीकडे-पलीकडे काही हलवायचं असेल तर आधी हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसला कळवा.

आता इन्व्हर्टर. राउटर इन्व्हर्टरवर असतो, म्हणून मॉड्यूलही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावं असं सुचतं. विचार बरोबर आहे, पण साध्या मॉड्यूलमध्ये आत येणारा फेजच बाहेर जातो, म्हणजे कॉइलही इन्व्हर्टरवर चालते. करंट गेल्यावर कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो आणि करंट येताक्षणी मोटर उडी मारून सुरू होते. त्यात कॉइलचा न्यूट्रल मेनच्या बाजूला गेला असेल तर आरसीसीबी (गळती ओळखून तुटणारा स्विच) सारखा ट्रिप होतो. मॉड्यूल इन्व्हर्टरवर हवं असेल तर ड्राय कॉन्टॅक्टचंच घ्या आणि कॉइलचा फेज-न्यूट्रल दोन्ही मेनवरून आणा. जुन्या वाड्यातल्या बोर्डात नुसती बटणं असतील तर तिथे न्यूट्रल आलेलाच नसतो. न्यूट्रल ओढून आणायचा, अर्थिंगला जोडून भागवायचं नाही.

नेटवर्क जोडताना अडतं ते बहुधा याच दोन-तीन गोष्टींवर. ही स्वस्त मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक निवडा. गेस्ट नेटवर्कवर जोडू नका. तिथे एक यंत्र दुसऱ्याला दिसत नाही. टास्मोटा (अशा मॉड्यूलसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) घातलेलं मॉड्यूल पहिल्यांदा स्वतःचं वायफाय दाखवतं. फोन त्याला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ उघडायचं. तेवढ्या वेळापुरता मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर 'इंटरनेट नाही' म्हणून फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. जोडणी झाली की राउटरमध्ये त्या मॉड्यूलचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) पक्का करून ठेवा. बाहेरगावाहून वापरायला पोर्ट उघडण्याच्या फंदात पडू नका. अनेक कनेक्शनवर तुमचा सार्वजनिक आयपी वेगळा नसतोच, आणि असला तर तुमची मोटर साऱ्या जगासाठी उघडी राहते. कंपनीचं क्लाउड ॲप किंवा व्हीपीएन वापरा.

लोखंडी पॅनेलच्या आत वायफाय मरतं. मॉड्यूल बाहेर प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या. सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे ८० च्या खाली घसरला तर रोजची कटकट.

सेटिंगमध्ये करंटाचा लहरीपणा धरूनच चालावं लागतं. टास्मोटाच्या कन्सोलमध्ये 'पॉवरऑनस्टेट' ० करा, म्हणजे करंट परत आल्यावर रिले बंदच राहील. मूळ सेटिंग ३ असते आणि ते आधीची स्थिती आठवून मोटर चालू करतं. 'पल्सटाइम'मध्ये मोटर जास्तीत जास्त किती वेळ चालावी ते घाला. १११ पर्यंतचे आकडे सेकंदाचा दहावा भाग धरतात, त्यापुढे सेकंदांत १०० मिळवायचे. टाकी ४० मिनिटांत भरते तर ४५ मिनिटं धरा: २७०० सेकंद, म्हणून २८००. डीओएलच्या दोन सेकंदांच्या पल्ससाठी २०. टाइमझोन +५:३० करा, नाहीतर टायमर भलत्याच वेळी वाजतात. सोनॉफ कंपनीच्या मॉड्यूलच्या मूळ ॲपमध्ये याच गोष्टी 'पॉवर-ऑन स्टेट' आणि 'इंचिंग' या नावांखाली सापडतात.

एक सेटिंग मात्र आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित: 'सेटऑप्शन६५' १ करा. थोड्या-थोड्या सेकंदांनी सहा वेळा करंट गेला-आला आणि सातव्यांदा टिकला, तर टास्मोटा समजतं की मालकाला सगळं पुसायचं आहे, आणि वायफायच्या पासवर्डसकट सारं विसरतं. वळवाच्या पावसात लाईन फडफडते तेव्हा हे आपसूक घडतं. नंतर लोक मॉड्यूल खराब म्हणून फेकून देतात.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यात, डबा आयपी-६५ चा (धूळ-पाणी आत न शिरणारा) घ्या, वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायर घट्ट धरणारी बूच) आत न्या आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. न वापरलेलं प्रत्येक भोक बुजवा. पावसापेक्षा मुंग्या आणि पाली जास्त नुकसान करतात; कॉन्टॅक्टरच्या टोकांत मुंगी चिरडली की तो नीट बसत नाही.

बिघाड शोधताना फोन खिशात ठेवा आणि मॉड्यूलचं बटण दाबा. टक आवाज आला नाही तर मॉड्यूलला करंट येतोय का ते टेस्ट लॅम्पने बघा. आवाज आला आणि कॉन्टॅक्टर हलला नाही, तर ए-१ ए-२ वर व्होल्टेज मोजा: शून्य असेल तर फ्लोट, ओव्हरलोड किंवा रिलेचं टोक, पूर्ण असेल तर कॉइल गेली. कॉन्टॅक्टर गुरगुरत असेल तर व्होल्टेज कमी आहे. कॉइलला नेमल्याच्या ८५ टक्के, म्हणजे सुमारे १९५ व्होल्ट लागतात; मॉड्यूल मात्र १५० वरही निवांत चालतं, म्हणून ॲपमध्ये सगळं ठीक दिसतं. गुरगुरणाऱ्या कॉन्टॅक्टरवर मोटर चालवत राहिलात तर त्याचीही टोकं चिकटतील. 'बंद' करूनही मोटर थांबली नाही तर एमसीबी पाडा, कॉन्टॅक्टर ठोकून सोडवू नका, बदला.

बटणाने सगळं चालतं आणि फोनवरून चालत नाही, एवढंच उरलं तर दोष नेटचा. राउटर बदलला का विचारा. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की मॉड्यूल आपोआप जोडलं जातं. करंट आल्यावर राउटर आणि फायबरचा डबा उठायला दोन-तीन मिनिटं घेतात, तेवढा धीर धरा. रोज ठरावीक टायमर चुकत असेल आणि बाकी ठीक असेल, तर सुरू होताना इंटरनेट नव्हतं. वेळ नेटवरून येते. ती मिळेपर्यंत टायमर चालत नाहीत.

विहीर घरापासून लांब, मध्ये ऊस उभा, अशा ठिकाणी वायफायचा हट्ट सोडा आणि सिमकार्डाचा मोबाईल स्टार्टर घ्या. घेताना एवढंच विचारा की तो टू-जीवर चालतो का. चालत असेल तर जिओचं सिम त्यात उपयोगाचं नाही, जिओकडे टू-जी नाहीच. त्या शेतात ज्या कंपनीची टू-जी रेंज फोनवर दिसते तेच सिम टाका, आणि त्याचं रिचार्ज संपण्याची तारीख स्टार्टरच्या दारावर आतून लिहून ठेवा.