अंतराळवीर व्हायचंय? आधी कपाटातला पासपोर्ट बघा

दहावीचा निकाल लागला की डिचोलीच्या बाजारात भाजी घेतानासुद्धा कुणीतरी गाठतंच. "सर, आमच्या पोरीला अंतराळवीर व्हायचंय, कुठल्या कोर्सला घालू?" 2025 च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून हे विचारणारे वाढलेत. हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून लोक मला विचारतात. अंतराळवीराची डिग्री कुठेच मिळत नाही. त्यामुळे माझी यादी कोर्सच्या नावापासून सुरू होत नाही. जे एकदा केलं की मागे फिरता येत नाही, ते मी आधी तपासायला सांगतो.

पहिली गोष्ट पासपोर्ट. गोव्याबाहेरच्या कुणाला हे सुचणार नाही. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधी इथे जन्मलेल्या आजोबांच्या नावावर घरातली अर्धी माणसं पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद करून बसलेली असतात, आणि "पोरांचंही करून टाकूया, पुढे कामाला येईल" असं गणेश चवथीच्या जेवणावळीत ठरतं. ते कामाला येतं हे खरं. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की एनडीए (सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), हवाई दल आणि इस्रोतली नोकरी, तिन्हींवर पाणी. उलट बाजूही सांगतो. पोर्तुगाल 2000 सालापासून युरोपियन अंतराळ संस्थेचा सदस्य आहे, म्हणजे तिथला नागरिक त्यांच्या अंतराळवीर निवडीला अर्ज करू शकतो. मात्र त्यांच्या मागच्या भरतीला साडेबावीस हजारांवर अर्ज आले आणि 2022 मध्ये निवडले गेले 17, तेही राखीव यादीतले धरून. नासाला तर अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं. कल्पना चावलांनीही ते आधी घेतलं होतं. तेव्हा पोरांचे कागद करायचे की नाही, हे बारावी होईपर्यंत लांबवा.

दुसरी गोष्ट डोळे. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगांची चाचणी करून घ्या, ती ठिपक्यांतले आकडे ओळखायची. पाच मिनिटांचं काम आहे. माझा एक विद्यार्थी एनडीएची लेखी पास झाला, एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाच्या, पाच दिवसांतून निघाला आणि मेडिकलला कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. अठरा वर्षांत घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! हा दोष मुलग्यांत जास्त असतो. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला मायनस नंबरचा चष्मा चालत नाही, उंचीही किमान 162.5 सेंटिमीटर लागते. यातलं काही आडवं आलं तर उमेद सोडू नका. रॉकेट बनवणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर कुणी विचारत नाही.

डोळे ठीक असतील आणि उडायचंच असेल तर एनडीए. गगनयानासाठी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यानातून माणूस पाठवायच्या मोहिमेसाठी, निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत. राकेश शर्मा आणि शुक्ला, दोघेही एनडीएतूनच गेलेले. शुक्लांनी एरोस्पेसमधलं एम.टेक. नंतर बंगळूरला केलं. म्हणजे आधी विमान, मग पदवी, मग अंतराळ. परीक्षा यूपीएससीची, वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. केंद्र पणजीत असतं. मुलींना 2022 पासून प्रवेश आहे. लेखीत 900 पैकी 300 गुण गणिताचे. दुसरी परीक्षा साधारण सप्टेंबरात येते. 2024 साली ती 1 सप्टेंबरला होती आणि चवथ 7 ला, तेव्हा परीक्षेच्या वर्षी माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट, बांधायचं काम भावावर सोपवा. पायलटसाठीची मशीनवरची निवड चाचणी मात्र जन्मात एकदाच देता येते. ती झोपमोड करून, घाईत देऊ नका.

अकरावीला गणित ठेवा, बायोलॉजी हवं तर त्याच्या जोडीला घ्या. याबद्दल वाद घालायला मी तयार नाही.

बारावी कुठून करता, यालाही महत्त्व आहे. कोटाला नाहीतर बेळगावला पोर पाठवणाऱ्या पालकांना हे कुणी सांगत नाही. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रवेशात तुमचं राज्य ठरतं ते बारावी जिथून पास झालात त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. कुंकळ्ळीच्या एनआयटीत गोव्यासाठी वेगळ्या जागा असतात, आणि गोव्यातून बारावी होणारी मुलं ती किती! क्लासच्या नादात त्या जागा घालवू नका.

आता इंजिनिअरिंग. फर्मागुडीच्या आयआयटीत एरोस्पेस नाही. ते हवं तर मुंबई, कानपूर, खरगपूर, मद्रास इथल्या आयआयटी, किंवा तिरुअनंतपुरमजवळची आयआयएसटी ही अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था. ही 2007 साली अंतराळ खात्यानेच काढली. तिथे एरोस्पेस आणि एव्हिऑनिक्स (विमान-यानांतलं इलेक्ट्रॉनिक्स) शिकवतात आणि अटी पूर्ण करणाऱ्यांना इस्रोत घेतात. प्रवेश आयआयटीच्याच जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेच्या गुणांवर, पण अर्ज वेगळा. दरवर्षी कुणीतरी तो भरायचाच विसरतो. अ‍ॅडव्हान्स्डला संधी दोनच, लागोपाठच्या दोन वर्षांत.

या नावाजलेल्या जागा हुकल्या, तर नुसत्या 'एरोस्पेस' या नावासाठी भलत्याच खाजगी कॉलेजात लाखो रुपये ओतावे, असं मला वाटत नाही. इस्रोची शास्त्रज्ञ-अभियंता पदाची भरती मुख्यत्वे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांची असते. पदवीला 65 टक्के किंवा दहापैकी 6.84 सीजीपीए लागतो. फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल करून, घरचं जेवून ते जमतं. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एरोस्पेसमध्ये एम.टेक. करायला वाट मोकळीच असते. तरीही खाजगी कॉलेज बघायला गेलात तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विंड टनेल, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा, दाखवा म्हणा. तो चालू करून दाखवा म्हणा. आणि विमान देखभालीचा, डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक खात्याच्या लायसन्सचा कोर्स म्हणजे एरोनॉटिकल इंजिनिअरिंग नव्हे. मोपाला विमानतळ झाल्यापासून त्याची चौकशी बरेच जण करतात. कोर्स चांगला आहे, पण तो विमान दुरुस्त करायला शिकवतो, विमानाची रचना करायला नाही.

मूल अजून नववीत असेल तर इस्रोच्या शाळकरी मुलांसाठीच्या युविका शिबिराचा अर्ज भरा.

राहिला कागद. आमच्याकडे आजोबांच्या दाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, बापाच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं आणि शाळेत मास्तरांनी लिहिलं ते तिसरंच. गावकर हे एकच आडनाव मी माझ्या वर्गात चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. जन्मदाखला, दहावीची मार्कलिस्ट आणि आधार समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. जुळत नसेल तर दुरुस्तीला अकरावीच्या दिवाळीतच लागा. अर्जाची शेवटची तारीख आणि मामलेदार कचेरीतली रांग यांची गाठ एकाच दिवशी पडलेली मी तीनदा पाहिलीय.