काळी दिसली म्हणजे कडकनाथ नव्हे, घेण्याआधी काय बघायचं

बाजारात काळी कोंबडी दिसली की विकणारा बिनधास्त कडकनाथ म्हणतो आणि भावही तसाच लावतो, म्हणून घेणाऱ्याला फरक कळणं फार गरजेचं आहे. पहिली गोष्ट म्हणजे पिसांवर जाऊच नका. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागातली, २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली जात, आणि तिच्यात तीन प्रकार आहेत: पूर्ण काळा, पेन्सिल्ड म्हणजे पिसांवर पांढरट रेघा असलेला, आणि गोल्डन म्हणजे सोनेरी झाक असलेला. तिन्ही अस्सल आहेत, त्यामुळे मानेवर पांढरं दिसलं की लगेच भेसळ म्हणायचं नाही.

खरा काळेपणा कातडीत, मांसात, हाडांवर असतो. कोंबडी दिवसाउजेडी हातात घ्या, ट्यूबच्या उजेडात तुऱ्याचा रंग फसवतो, मग चोच उघडून जीभ बघा, पोटावर फुंकर मारून पिसं बाजूला करा आणि कातडी बघा, शेवटी पाय उलटा करून तळवा बघा. जीभ काळपट-जांभळी, कातडी गडद आणि तळवाही काळपट असेल तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही. तुरा कोळशासारखा काळाच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका, कडकनाथच्या तुऱ्याला आणि चोचीखालच्या लोंबत्या कातडीला जांभळट छटा असतेच, विशेषतः कोंबड्यात.

घोळ होऊ शकतो तो ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या दुसऱ्या जातीशी, कारण पिसं दोघांची काळीभोर आणि उन्हात हिरवट चमकणारी, लांबून बघितलं तर नवख्याला सांगता येत नाही. पण ऑस्ट्रेलॉर्पचा चेहरा आणि तुरा लालभडक असतो, पाय काळपट असले तरी तळवा पांढरट, आणि कातडी पांढरी. अंगानंही ती बरीच भरलेली, कोंबडा साडेतीन किलोच्या पुढे जातो, कडकनाथचा कोंबडा दोन किलोच्या आसपास थांबतो. ऑस्ट्रेलॉर्प वाईट नाही हां, अंड्यांसाठी उत्तम जात आहे, फक्त कडकनाथच्या भावात घेऊ नका.

सिल्की ही आणखी एक जात ओळखायला सोपी, तिचीही कातडी काळी पण पिसं रेशमी लोकरीसारखी, पायांवर पिसं आणि बोटं पाच, कडकनाथला चारच. काळा असील, म्हणजे झुंजीच्या जातीचा कोंबडाही कोणी खपवायला बघेल, पण त्याचा तुरा बारीक डोक्याला चिकटलेला असतो आणि मान लांब, उभी.

सगळ्यात अवघड म्हणजे क्रॉस, म्हणजे दुसऱ्या जातीशी संकर झालेली कोंबडी ओळखणं. कातडीतला काळा रंग दाबणारा एक जीन असतो, तो लिंगाशी जोडलेला आहे आणि मादी पिल्लाला तो फक्त बापाकडून मिळू शकतो. आता कडकनाथ कोंबडा तो जीन असलेल्या गोऱ्या कातडीच्या कोंबडीवर सोडला तर बापाकडे तो जीन नसतो, म्हणून माद्या चांगल्या काळ्या निघतात, पण नरांना तो आईकडून मिळतो आणि त्यांचा रंग फिका पडतो, तुरा लालसर, कातडी मळकट गोरी. म्हणजे नुसत्या तलंगा (तरण्या माद्या) दाखवल्या तर त्या अस्सल वाटतात! म्हणून त्याच बॅचमधले कोंबडे दाखवा म्हणायचं, आणि कोंबडे सगळे विकले गेले असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघितलेलं बरं. नरांचे तुरे लाल आणि तलंगा काळ्या, असं चित्र दिसलं तर क्रॉसचा दाट संशय घ्यायचा.

एक दिवसाचं पिल्लू घेताना एवढं सगळं दिसत नाही. कडकनाथचं पिल्लू निळसर-काळं असतं, पाठीवर वेड्यावाकड्या गडद रेघा असतात. ऑस्ट्रेलॉर्पचं पिल्लू वरून काळं आणि पोटाखाली पिवळट-पांढरं. तरीही पिल्लांवरून खात्री धरायची नाही, हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवतात तिथं जाऊन आईबापांचा कळप बघायला मागा, आणि तिथंही जीभ, कातडी, तळवा याच क्रमानं तपासा.

अंड्यावरून जात ओळखायला जाऊ नका. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, गुलाबी झाक असलेलंच असतं, काळं अंडं कोणी दाखवलं तर ते रंगवलेलं समजा.